पुसलेलं मीठ

कुलसुम घाबरली की पुसायला घ्यायची. राजिवड्याच्या मोहल्ल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याचं, रशीदचं, जहाज धोक्याच्या पाण्यातून जायचं असलं की तिच्या खिडक्यांचे गज चकचकायला लागायचे. सासू इस्पितळात होती तेव्हा तर शिलाई मशीन, कपाटाच्या कड्या, जिन्याचा कठडा असं करत करत तिने शेजारच्या गोदूबाईंचं फाटकसुद्धा पुसून काढलं होतं. "अगो कुलसुम, पुढच्या वेळी घाबरशील तेव्हा आमच्या पंख्याकडे पण बघ हां," असं गोदूबाई तिला अजून चिडवत.

तसा त्यात वेडेपणा काही नव्हता. घर खाडीच्या तोंडाशी, वारा येतो तो मीठ घेऊनच. अंगणात विसरलेल्या सायकलची साखळी पुढच्या खेपेला हातात तुकडे होऊन येते. म्हणून खाडीकाठच्या बायका लोखंडाला आजारी माणसासारखं जपतात. आधी गोड्या पाण्याचं फडकं, मग कोरडं, आणि वरून खोबरेलाचा हात. कुलसुमची आई हेच करायची, सासूही हेच करायची. कुलसुमचा वार शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजाची अजान व्हायच्या आत घरातलं सगळं लोखंड तिच्या फडक्याखालून गेलेलं असायचं.

अलीकडे मात्र तिला भीती वाटायची ती जहाजाची नाही, पीएचडीची.

तस्नीम ही तिची एकुलती एक मुलगी. एम.एस्सी. झाल्यावर ती म्हणाली, मला पुढे शिकायचंय, पदार्थविज्ञानातलं, धातू आणि त्यांच्यावरचे लेप यांचं. रशीद जहाजावरून फोनवर म्हणाला, "शिकू दे." कुलसुमने तस्नीमला विचारलं, "किती वर्षं?"

"तीन. चार. कुणाला पाचही लागतात. फार लांबवू देत नाहीत."

"आणि मग डॉक्टर?"

"झाले तर."

ते 'झाले तर' कुलसुमच्या घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. तोवर तिला शिक्षण म्हणजे इयत्ता माहीत होत्या. वर्षभर अभ्यास, मग परीक्षा, पास नाहीतर नापास. हे काहीतरी वेगळंच होतं. आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग गाइड मिळायला हवा. गाइड मिळाला तरी पहिले सहा महिने परत वर्गात बसायचं, परत पेपर द्यायचे. आम्ल कसं ओतायचं, भट्टी कशी बंद करायची याची वेगळी शिकवणी, ती झाल्याशिवाय लॅबची किल्ली मिळत नाही. मग आपला विषय कमिटीसमोर मांडायचा. कमिटीने मान डोलावली की नोंदणी पक्की.

"हे शिक्षण कसलं, ही तर सोयरीक," कुलसुम म्हणाली होती. "आधी बघणं, मग मागणी, मग होकार. सासू कोण?"

"योगिनी मॅडम," तस्नीम हसत म्हणाली. "आणि सासरा दर सहा महिन्यांनी येतो. तीन जणांची कमिटी. मॅडम, आमच्याच विषयाचे एक सर आणि एक बाहेरचे. काय केलंस दाखव म्हणतात."

"आणि आवडलं नाही तर?"

"तर तसा शेरा मारतात. लागोपाठ दोनदा मारला की माहेरी."

हसण्यावारी नेलं तरी कुलसुमने त्या माहेरी परत आलेल्यातला एक बघितला होता. गौरव नावाचा गुहागरचा मुलगा, तस्नीमच्या दोन वर्षं पुढे. लॅबमध्ये नव्यांना जुने शिकवतात. मॅडम सांगतात एकदा, पण पत्रा घासायचा कसा, लेपाचं भांडं धरायचं कसं, हे शिकायचं ते पुढच्याच्या हाताकडे बघून. तस्नीमचा हात गौरवने बसवला. दोनदा घरी जेवायला आला होता, सांदणं मागून मागून खाल्ली होती. मग त्याचा लेप पुन्हा पुन्हा करूनही एकदा जमला तसा परत जमेना. पहिला शेरा. मग दुसरा. आता तो लोट्याच्या एका कंपनीत पाळीवर जातो. कुलसुमला तो एकदा एसटी स्टँडवर भेटला, तिने हाक मारली, तर "मावशी, बस चुकेल" म्हणत तो मान खाली घालून भलत्याच बसकडे गेला.

त्या दिवशी तिने घरातले सगळी कुलपं, सगळे कोयंडे पुसले.

मग पट्ट्या आल्या. तस्नीमचा विषयच तो होता: खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकवणारा पातळ लेप. लॅब शहराबाहेर, आत डोंगरावर. तिथे वारा मिळमिळीत. खरी कसोटी घ्यायची तर समुद्राच्या तोंडावर पट्ट्या टांगायला हव्यात आणि घर नेमकं तिथेच. पत्त्याच्या पानाएवढ्या लोखंडी पट्ट्या लाकडी चौकटीत बसवून, समुद्राकडे तोंड करून तिने गच्चीवर तिरक्या लावल्या. वरच्या ओळीत लेप दिलेल्या, खालच्या ओळीत कोऱ्या.

"अम्मी, वर्षभर इथेच राहणार ह्या. हात लावू नको हं, बोटांचे ठसे उठतात."

"आणि ह्या खालच्या?"

"त्या गंजायलाच ठेवल्यात. वरच्या माझ्या. वरच्या गंजल्या तर माझं काही खरं नाही."

तिने ते सहज म्हटलं असेल. कुलसुमने ते सहज ऐकलं नाही.

पहिल्या शुक्रवारी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा खालच्या ओळीवर तांबूस पुट चढायला लागलं होतं. वरच्या ओळीवर नुसता पांढुरका थर होता, मिठाचा. मीठ बसलं की पुढे काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने मऊ सुती फडकं गोड्या पाण्यात पिळलं, वरच्या ओळीवरून हलकेच फिरवलं, मग कोरडं फिरवलं. बोट कुठे लागू दिलं नाही. तेलही लावलं नाही. तेलाचा डाग पडला तर पोरीच्या कामात विघ्न नको. खालच्या ओळीला ती शिवलीच नाही. त्या गंजायलाच होत्या.

मग दर शुक्रवारी हेच. पावसाळ्यात पाऊस उघडला की मधल्या वारीही. पट्ट्या पुसताना ती दुवा पुटपुटायची. तस्नीम तेव्हा लॅबमध्ये असायची, बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत. संशोधकांना तेही करावं लागतं.

वर्ष उलटलं. तस्नीमने पट्ट्या उतरवल्या, लॅबमध्ये तोलल्या, तपासल्या. मोठ्या सूक्ष्मदर्शकासाठी मुंबईच्या एका संस्थेत महिनाभर आधी नंबर लावला होता, तिथे जाऊन आली. आली ती तरंगतच. जेवतानासुद्धा तिचे पाय जमिनीवर नव्हते. योगिनी मॅडम म्हणाल्या होत्या, पुढच्या मंगळवारी कमिटीसमोर मांड, मग गोषवारा लिहायला घे, प्रबंध वर्षाच्या आत. मॅडमचा एक नियम होता. कमिटीच्या आधी प्रत्येकाने आपलं काम घरातल्या कुणाला तरी मराठीत समजावून सांगायचं. घरच्याला कळलं नाही म्हणजे तुम्हालाच कळलेलं नाही.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी कुलसुम कोळंबी सोलत बसली आणि तस्नीम लॅपटॉप मांडून तिच्यासमोर उभी राहिली.

"बघ अम्मी. ही कोरी पट्टी. ही माझी. दोन्ही वर्षभर एकाच वाऱ्यात."

"हूं."

"आता गंमत. दोन्हींवर किती मीठ बसलं ते मोजलं. कोरीवर भरपूर. माझ्यावर जवळजवळ नाहीच. म्हणजे माझा लेप नुसता लोखंड झाकत नाही, मीठ चिकटूच देत नाही. असं कुणाला अपेक्षितच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा."

कुलसुमच्या हातातली कोळंबी पाण्यात पडली.

"कळलं का?"

"कळलं," कुलसुम म्हणाली. तिला खरोखरच कळलं होतं. मीठ कुठे गेलं हे या जगात दोनच जणांना माहीत होतं, एक अल्ला आणि एक ती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तिने घरातलं काहीच पुसलं नाही. सांगायचं, असं ठरवून ती दोनदा तस्नीमच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत मुलगी आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव करत होती, "आदरणीय समिती सदस्य," आणि मध्येच स्वतःशी हसत होती. इतकी वर्षं या मुलीला दर सहा महिन्यांनी ताप येताना कुलसुमने पाहिलं होतं. कमिटीच्या आठवड्यात हटकून यायचा. या वेळी नव्हता आला. कुलसुम परत फिरली.

न सांगितलं तर? कुणाला कळणार? पट्ट्या काही बोलत नाहीत. लेप चांगला असेलही. असेलच. पोरगी हुशार आहे. ती असं मनाशी घोळवायची आणि तेवढ्यात गौरव डोळ्यांसमोर यायचा, भलत्याच बसमध्ये चढणारा. सांगितलं तर तस्नीम त्या बसमध्ये. मंगळवार गेला की आपण सुटू, असं तिला वाटलं. तसं वाटल्याची लाज पण वाटली. रशीदचा फोन आला तेव्हा तिने फक्त हवापाणी विचारलं.

रविवारी दुपारी उमैमा आली. ही खाडीपलीकडच्या कर्ल्याची मुलगी, लॅबमधली सगळ्यांत नवी, नोंदणी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तस्नीमने जिथे संपवलं तिथून हिने पुढे जायचं होतं. या शिक्षणाची रीतच ती. तस्नीमचा लेप तिने हात बसेपर्यंत शिकायचा, तो जाड-पातळ करून बघायचा आणि तिच्या घरच्या गच्चीवर टांगायचा. एका डब्यात मऊ कागदात गुंडाळून तिने काही आणलं होतं.

"आपा, ह्या बघ ना जरा. महिना पण झाला नाही."

पट्ट्यांच्या कडांना तांबूस डाग पडले होते.

तस्नीमने एक उचलून उजेडात धरली. "घासली नीट होतीस?"

"तू दाखवलंस तस्सं."

"वाळवली पूर्ण?"

"हो आपा. तिसऱ्यांदा करतेय. तिन्ही वेळा हेच."

"मग हात धुतले नसशील. उमैमा, माझ्या पट्टीवर वर्षात डाग नाही, तुझ्यावर महिन्यात? लेप तोच, वारा तोच. फरक कुणात आहे मग?"

पोरीने मान खाली घातली. "माझ्यातच असेल," ती म्हणाली. "अब्बा म्हणतच होते, बी.एड. कर म्हणून. मंगळवारी माझी पण पहिली कमिटी आहे, तुझ्यानंतर. काय सांगू मी?"

दोघींची ताटं मांडून कुलसुम भाकरी वाढायला आली होती. ती तशीच उभी राहिली. त्या पोरीची मान अगदी गौरवच्या मानेसारखी दिसत होती. भाकरी कुणाच्या ताटात टाकायची होती तेच तिला आठवेना.

"तिचा हात वाईट नाही," कुलसुम म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं अम्मी?"

"मी पुसत होते."

"काय?"

"तुझ्या पट्ट्या. दर जुम्म्याला. गोड्या पाण्याने. वरच्याच."

तस्नीम हसली आधी. तिला वाटलं अम्मी उमैमाला धीर द्यायला काहीतरी बनवून सांगतेय. मग तिने आईचा चेहरा पाहिला.

"मी सांगितलं होतं ना हात लावू नको!"

"बोट नाही लावलं गो. एकदाही नाही. फडक्याने."

"तेल?"

"नाही, तेल नाही. तूच म्हणालेलीस, गंजल्या तर तुझं काही खरं नाही. मीठ बसलेलं दिसायचं मला. मी काय करू? मीठ बसलेलं बघून मी काय करू, तू सांग."

तस्नीम उठून गच्चीवर गेली. वर आता नुसती रिकामी चौकट होती. उमैमा भेदरून बसली होती. तिचा हात निर्दोष सुटला होता, पण याचा आनंद मानायचा की कसं, तिला कळत नव्हतं.

"खाला," ती हळूच म्हणाली, "नका सांगू कुणाला. मी पण नाही सांगणार. माझं काय, मी सांगेन माझाच लेप बिघडला. एक शेरा मला चालेल."

"खा तू," कुलसुम म्हणाली. आणि तिने तिच्या ताटात दोन भाकऱ्या टाकल्या.

तस्नीम खाली आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, आणि अंगात ताप होता. कपाळाला हात लावायला कुलसुम पुढे झाली, तिने तो बाजूला केला. उमैमाने दिलेला सल्ला तिने जिन्यातूनच ऐकला असावा.

"वेडी आहेस का?" ती उमैमाला म्हणाली. "आज तू तुझा हात वाईट म्हणशील. पुढच्या वर्षी तुझ्यामागे येणारी तिचा म्हणेल. मग आम्ही सगळ्या मिळून एका फडक्यावर प्रबंध लिहू."

मग कुलसुमकडे न बघता म्हणाली, "पावसात पण पुसलंस?"

"पाऊस उघडला की."

"पहिल्या आठवड्यापासून?"

"हो."

तस्नीमने मॅडमना फोन लावला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मंगळवारी कुलसुमही गेली. कुणी बोलावलं नव्हतं आणि तस्नीम दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. पण बुरखा चढवून ती आधीच रिक्षात जाऊन बसली, आणि तस्नीमने उतर म्हटलं नाही. कमिटीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेर बाक होता. कुलसुम एका टोकाला बसली, उमैमा दुसऱ्या टोकाला, मांडीवर डबा घेऊन.

दार लागलं. आतून आधी तस्नीमचा आवाज येत होता, मग येईनासा झाला, मग एका पुरुषाचा जड आवाज, बराच वेळ. कुलसुमला शब्द कळत नव्हते. इंग्रजी होतं. मध्येच एक शब्द मराठीत ऐकू आला: "आईने?" आणि कुणीतरी हसलं. तिची कानशिलं तापली. तिला वाटलं, उठावं, दार ढकलावं आणि सांगावं की हसा मला, हवं तितकं हसा, शेरा काय तो माझ्यावर मारा. पण ती बसूनच राहिली. बाकाच्या लोखंडी दांड्यावर गंजाचे पापुद्रे होते. तिने बुरख्याचं टोक मुठीत धरलं आणि मूठ मांडीखाली दाबून ठेवली.

तस्नीम बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वाचता येत नव्हता. उमैमाचं नाव पुकारलं गेलं. ती आत जाताना तस्नीमने तिच्या पाठीवर थाप दिली. "डाग जसे आहेत तसे दाखव. घाबरू नको. मी सांगितलंय आत."

मग ती आईशेजारी बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"काय म्हणाले?" कुलसुमने विचारलं.

"बाहेरचे सर म्हणाले, नोंदणी रद्द करण्यासारखं आहे. वर्षभर पट्ट्यांवर नजर नाही ठेवली म्हणजे संशोधन कसलं? मॅडम म्हणाल्या, चूक तिची आहे तेवढीच माझी. मी एकदाही तिच्या गच्चीवर गेले नाही. मग बराच वेळ झालं त्यांचं."

"मग?"

"शेरा मारला. असमाधानकारक." तस्नीमने ओठ चावला. "आणि एक पावसाळा दिला. नव्या पट्ट्या, नव्याने सुरुवात. अजून एक शेरा आला की संपलं."

कुलसुमला श्वास घेता आला, पण अर्धाच.

"त्या लॅबच्या गच्चीवर लाव. माझ्यापासून लांब. नाहीतर उमैमाकडे."

"तिथलं वारं चालत नाही. आणि उमैमाकडे तिच्या आहेतच." तस्नीम समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "आपल्याच गच्चीवर लावायच्यात. महिन्यातून एकदा मॅडम येणार बघायला."

"मी काय करायचं मग?"

"काही नाही करायचं, अम्मी."

"मीठ बसलं तरी?"

"बसू दे."

"आणि गंजल्या तर? तुझ्या, वरच्या?"

तस्नीमचा हात बाकावर होता. कुलसुमने तो धरला, तो तापलेला होता. या वेळी तिने काढून घेतला नाही.

"गंजल्या तर गंजल्या असं लिहायचं."

"आणि मग देतील? डॉक्टर करतील?"

"माहीत नाही मला," तस्नीम म्हणाली, आणि लहानपणी ताप चढला की बसायची तशी आईला खेटून बसली. आत उमैमा बोलायला लागली होती. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. दोघी ऐकत राहिल्या.